‘चार्म’ची मंत्रापासूनची वाटचाल
‘चार्म’ या इंग्रजी शब्दावरील लेखात त्याचे आकर्षकपणा आणि ताईत असे दोनच अर्थ दिले आहेत. मात्र त्याचे लॅटिन मूळ ‘कार्मेन’ विचारात घेतल्याशिवाय हे दोन्ही अर्थ एका शब्दात कसे नांदतात, ते उलगडत नाही. ‘कार्मेन’ म्हणजे गीत, आणि मंत्रही. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील रोमच्या ‘बारा तक्त्यां’च्या कायद्यात दुष्ट कार्मेन उच्चारणे हा गुन्हा मानलेला आहे. हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला तेव्हा तो मंत्राचाच वाचक होता. पुढे ज्या वस्तूत मंत्राची शक्ती असल्याचे मानले जाई तिला, आणि मंत्राविनाच भुरळ घालणाऱ्या स्वभावालाही तो लागू झाला.

मराठीत ‘मोहिनी’ हा शब्द त्याच्या सर्वांत जवळचा. अरबीतून आलेला ‘ताईत’ दंडावर बांधला गेला आणि ‘गळ्यातला ताईत’ होऊन थेट लाडक्या माणसापर्यंत पोहोचला. ‘गंडा’ अधिक मजेशीर आहे: संगीतातील गंडाबंधनाने गुरू-शिष्याचे नाते पक्के होते, तर बाजारात कुणी गंडा घातला तर पोलिसांत जावे लागते.

लेखात ‘चार्म क्वार्क’ या मूलकणाचा उल्लेख हवा होता. ब्यॉर्केन आणि ग्लॅशो या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये सुचवलेल्या या नावाच्या कणाचा पुरावा नोव्हेंबर १९७४ मध्ये अमेरिकेतील दोन प्रयोगशाळांत मिळाला. मराठीत त्याचे नाव भाषांतर न करता तसेच ठेवावे, असे माझे मत आहे.