ओला टॉवेल

गेल्या रविवारपासून नेमबाजीच्या रेंजवर माझं नाव ‘ओला टॉवेल’ पडलंय. चहावाला पोरगासुद्धा “हा टॉवेल सरांचा बिनसाखरेचा” म्हणून ग्लास पुढं करतो आणि मी मुकाट्यानं घेतो.

झालं एवढंच, पॉइंट टू-टू रायफल ५० मीटरला झिरो केलेली, म्हणजे तिथं नेम बरोबर जुळवलेला, १०० मीटरसाठी गोळी किती खाली येईल याचा हिशोब करणाऱ्या ॲपनं सांगितले तेवढे दुर्बिणीच्या चकतीचे क्लिक मोजून फिरवले, आणि सगळ्या गोळ्या चार बोटं खाली. सगळ्या एका रुपयाखाली झाकतील इतक्या जवळ, पण खाली. जवळजवळ आहेत हे कुणी बघितलं नाही.

मागं प्लास्टिकच्या खुर्चीत एक काका. नातवाला एअर पिस्तुलाला सोडायला येतात, स्वतः दिवाळीत टिकलीसुद्धा वाजवली नसेल, पण सल्ल्याला कुठं लायसन लागतंय. मांडीवर चिरमुऱ्याची पुडी, बाहेर आमचा बेळगावचा जुलैतला पाऊस.

“काय बघूलाय त्या मोबाईलात? दमट हवा हो! गोळीवर ओझं येतंय, खाली बसणारच की.”

आता हे ऐकून गप्प बसणारा माणूस सीमाभागात जन्मत नाही. म्हटलं, “काका, दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते.”

चिरमुरे चावायचे थांबले. “काय असते?”

“हलकी. वाफेचा रेणू १८, नायट्रोजनचा २८, ऑक्सिजनचा ३२. वाफ आली की जड मंडळी बाहेर, हलकी आत.”

“अठरा काय, किलो?”

“किलो नव्हे हो, रेणूभार...”

“म्हणजे ओला टॉवेल सुक्यापेक्षा हलका!”

“टॉवेलात पाणी असतं, हवेत वाफ...”

“अरे या रे सगळे इकडं!” पिस्तुलाची पोरं आली, वॉचमन आला, बोअरची मोटर दुरुस्त करायला आलेला, ज्याचा रेंजशी काडीचा संबंध नाही, तो पान्यासकट आला. त्यानं माझ्याकडं अगदी कणवेनं बघून सांगितलं, “सर, आमच्या घरला या एकदा, आठ दिवस झाले वाळेनात, उचलून बघा.” पोरं खाली बसून हसली. सायन्सला आहेत म्हणे.

बरं, दमटपणानं पडणारा फरक इतका किरकोळ की १०० मीटरला मोजतासुद्धा येणार नाही. म्हणजे ज्यावरून इज्जत गेली त्याचा गोळीशी संबंधच नाही! हवेचा दाब ॲपनं बेळगावच्या सांबरा विमानतळावरचा उचललेला, तो समुद्रसपाटीच्या हिशोबात आणून सांगतात, आणि आपण बसलोय साधारण ७५० मीटर उंचीवर, जिथं खरा दाब ९२०-९३० मिलिबार. पण विरळ हवेत गोळी उलट वर लागायला पाहिजे, तीही काही मिलिमीटर. मग चार बोटं गेली कुठं?

तीनेक सेंटिमीटर खाल्ले ॲपमधल्या यार्डांनी. ज्या पोरानं हौसेनं सगळं भरून दिलं त्यानं अंतर यार्डात ठेवलं, आणि १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटरच. उरलेलं गोळ्यांच्या डब्यावर. डब्यावर छापलंय सेकंदाला १०७० फूट. कुणाच्या नळीतून? कंपनीच्या टेस्ट बॅरलमधून! क्लबच्या या म्हाताऱ्या रायफलीतून, गार हवेत, तेवढा वेग का म्हणून निघावा? गोळी १०० मीटर जाते सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात, तेवढ्यात नळीच्या रेषेपासून अर्धा मीटर खाली येते, त्यामुळं वेग पाच टक्के कमी पडला तरी दोन-अडीच सेंटिमीटर गेलेच. त्यात दुर्बिणीचा क्लिक लिहिलाय तेवढाच सरकतो हे तरी कुणी तपासलंय? आणि दशांशाच्या दोन घरांपर्यंत उत्तर देणारं ते ॲप महिन्याला पैसे मागतं.

“चार बोटं वर धरा की,” काका म्हणाले. हो, धरीन. पण का ते कळायला नको?

वेग मोजायचा क्रोनोग्राफ क्लबात आहे. कपाटात. किल्ली सेक्रेटरींकडं, सेक्रेटरी मेव्हण्याच्या लग्नाला गोव्यात, आणि तोवर उडवायच्या गोळ्या माझ्या पैशाच्या.