‘बांबूचा टॉप’ नेमका कशाचा असतो? कट्ट्यावर जुंपली त्याची गोष्ट

आमच्या कट्ट्यावरच्या छोटीला रोज घालायला एक निट टॉप (टी-शर्टसारख्या विणलेल्या कापडाचा) घ्यायचाय. मऊ हवा, ढगळ चालेल पण लोंबणारा नको, आणि कापड सस्टेनेबलच पाहिजे. तिने मोबाईलवर एक काढून दाखवला, खाली लिहिलेलं बांबू फॅब्रिक, शंभर टक्के नैसर्गिक. झालं, आमच्यातली केमिस्ट्री शिकलेली मैत्रीण, केमिस्ट्रीवाली, तिथेच अडली.

“बांबूचं म्हणजे काय गं? बांबूच्या कांबीपासून इतका मऊ धागा कसा निघेल?”

मग तिने सगळी प्रोसेस सांगितली. बांबूचा लगदा कास्टिक सोड्यात भिजवायचा, त्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करायची, त्याचा घट्ट द्राव बनवायचा आणि तो बारीक भोकांतून आम्लात सोडायचा, की झाला धागा. ह्याला व्हिस्कोज म्हणतात, म्हणजेच रेयॉन. शेवटी हातात उरतं ते सेल्युलोज, म्हणजे झाडाच्या तंतूंचा मूळ पदार्थ, मग ते बांबूचं असो नाहीतर निलगिरीचं, धाग्याला काही फरक पडत नाही. आणि कार्बन डायसल्फाइड वर्षानुवर्षं श्वासातून गेलं तर कामगाराच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो, ते काय टॉपच्या टॅगवर लिहिलेलं नसतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2009 मध्येच काही कंपन्यांवर कारवाई केली होती, रेयॉनला नुसतं बांबू म्हणून विकल्याबद्दल. बांबूचा जंतुनाशक गुण कापडात टिकतो हा दावाही तेव्हा खोडून काढला होता.

दादा मात्र ऐकेना. “अगं पण बांबू भराभर वाढतो, कापला तरी परत फुटतो, फवारणीही फार लागत नाही, हे तर खरं ना?”

खरंच आहे. पण झाड चांगलं म्हणून कारखाना चांगला ठरत नाही, आणि माझा राग नेमका इथेच आहे. टॅगवर रोपाचं नाव मोठ्ठं टाकायचं आणि प्रोसेसचं नावच काढायचं नाही, ही गिऱ्हाइकाची सरळसरळ फसवणूक आहे. त्याच बांबूपासून लायोसेलही बनतं, त्यात लगदा एनएमएमओ नावाच्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवतात आणि चांगल्या कारखान्यात ते सॉल्व्हंट 99 टक्क्यांच्या वर परत मिळवून पुन्हा वापरतात. ऑस्ट्रियाच्या लेंझिंग कंपनीचं टेन्सेल लायोसेल ह्याच पद्धतीचं, फक्त ते लाकडाच्या लगद्यापासून बनतं. म्हणजे बांबू तोच असला तरी प्रोसेस बदलली की गोष्ट पूर्ण वेगळी. मी छोटीला म्हणलं, विकणाऱ्याला एकच विचार, व्हिस्कोज का लायोसेल? ज्याला माहितीये तो लगेच सांगेल.

छोटी म्हणाली, त्यावर ओको-टेक्सचा शिक्का आहे की. इथे पण घोळ होतो बघा. ओको-टेक्स स्टँडर्ड 100 हे तयार कापडात अपायकारक रसायनं मर्यादेत आहेत का एवढं तपासतं. अंगाला लागणाऱ्या कपड्यासाठी ते चांगलंच आहे, पण पॉलिस्टरच्या टॉपलाही तो शिक्का मिळू शकतो, त्याचा ऑरगॅनिकशी संबंध नाही. ऑरगॅनिकसाठी जीओटीएस (ग्लोबल ऑरगॅनिक टेक्सटाइल स्टँडर्ड) हा शिक्का बघायचा, त्यात नुसतं ‘ऑरगॅनिक’ लिहायला किमान 95 टक्के ऑरगॅनिक धागा लागतो आणि ‘मेड विथ ऑरगॅनिक’ म्हणायला किमान 70. रंगाई, सांडपाणी, कामगारांची परिस्थिती हेही त्याच्या नियमांत येतं.

दादाने मग रिसायकल पॉलिस्टर काढलं, बाटल्यांपासून बनवतात, कचरा कमी होतो वगैरे. मला ते पटत नाही. बाटलीची परत बाटली होऊ शकते, पण तिचा टॉप केला आणि तो फाटला की त्याचा परत टॉप होणं फार कमी वेळा घडतं. शिवाय धुताना बारीक तंतू सुटतात ते वेगळंच. आययूसीएन ह्या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या 2017 च्या अहवालात समुद्रात जाणाऱ्या प्राथमिक मायक्रोप्लास्टिकपैकी (म्हणजे बारीक कणांच्या रूपातच समुद्रात पोचणाऱ्या प्लास्टिकपैकी) जवळपास 35 टक्के सिंथेटिक कपडे धुण्यातून येतं असा अंदाज दिलाय. आणि ते सगळं बाजूला ठेवलं तरी आरामाचं काय? पॉलिस्टर हवेतला ओलावा धरतं स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा नाही, कॉटन धरतं आठच्या आसपास, व्हिस्कोज आणि लायोसेल अकराच्या वर. दिवसभर अंगात असणारा टॉप घामट वाटतो की नाही ते बरंचसं इथेच ठरतं.

इतका वेळ अक्का गप्प होती. तिची अर्धी हयात होजिअरी शिवण्यात गेलीये. ती म्हणाली, तुम्ही सगळे धाग्यावरच भांडताय, वीण कोणी बघितली का?

आणि मग तिने छोटीच्याच अंगातल्या टॉपवर दाखवायला सुरुवात केली. बाजूची शिवण बघ, काखेतून सरळ खाली यायला हवी ती पोटावर वळून आलीये. सिंगल जर्सी, म्हणजे टी-शर्टचं एकेरी विणीचं कापड, गोल मशिनवर विणतात, धाग्याला पीळ असतो, कापड नीट सेट न करता कापलं की धुतल्यावर असं फिरतं आणि मग ते इस्त्रीनेही सरळ होत नाही. खांद्याची शिवण उलटी करून बघ, आत पट्टी नाही, म्हणून खांदे ओघळलेत. गळ्याची रिब, म्हणजे उभ्या रेघांची ताणणारी पट्टी, ओढून सोडली तर झटकन जागेवर आली पाहिजे, ही लाटेसारखी राहिली. कापड दोन्ही हातांनी ताणून उजेडासमोर धर, टाके सगळीकडे सारखे दिसायला हवेत. बोटाने जरा वेळ घासून बघ, लगेच लव उठली तर आखूड तंतूंचा धागा आहे, गोळे येणार म्हणजे येणार. रोजच्या वापराला 180 जीएसएमच्या (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) खाली जाऊ नको, आणि जमलं तर इंटरलॉक, म्हणजे दुहेरी विणीचं घे, दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं, कडा गुंडाळत नाहीत.

केमिस्ट्रीवालीने लगेच त्यात भर घातली की व्हिस्कोज ओलं झालं की त्याची जवळपास निम्मी ताकद जाते, म्हणून ओला निट टॉप हँगरला लावला की स्वतःच्याच वजनाने लांबतो. लायोसेल ओलं असतानाही बरंच टिकून राहतं. म्हणजे जे कारखान्यात बरं तेच बादलीतही बरं.

कपडा टिकला पाहिजे हे मला जे म्हणायचं होतं ते अक्काने हाताने दाखवलं. कचरा कमी करण्यावर काम करणाऱ्या ब्रिटनच्या रॅप संस्थेने मागे हिशोब मांडला होता, कपडा नऊ महिने जास्त वापरला तर त्याचा कार्बन, पाणी आणि कचऱ्याचा भार 20 ते 30 टक्क्यांनी कमी होतो. मग ऑरगॅनिक कॉटनचा पण चार धुण्यात गळा सैल पडणारा टॉप कुठून सस्टेनेबल? धागा विचारायचाच, पण शिवण उलटी करून बघितल्याशिवाय घ्यायचाच नाही, ह्यावर मी ठाम आहे. ऑनलाइन घेतलात तर घरी आल्या आल्या टॅग काढायच्या आधी हे सगळं बघा आणि नाही पटला तर बिनधास्त परत पाठवा.

एका गोष्टीवर मात्र शेवटपर्यंत जमलं नाही, ते म्हणजे स्पॅन्डेक्स, रबरासारखा ताणून परत जागेवर येणारा कृत्रिम धागा. अक्का म्हणते पाच टक्के हवंच, नाहीतर मऊ निट कोपरावर फुगतं आणि परत बसत नाही. केमिस्ट्रीवाली म्हणते ते मिसळलं की कापड रिसायकल करणं अवघड, शिवाय गरम पाणी आणि ड्रायरच्या उष्णतेने त्याची ओढ जाते आणि टॉप आहे तिथून लोंबतो. मी मधलं सुचवलं, अंगाचं कापड कॉटन-लायोसेलचं इंटरलॉक, बिनस्पॅन्डेक्सचं, आणि स्पॅन्डेक्स फक्त गळ्याच्या रिबमध्ये. विणीच्या टाक्यांत मुळात लवचिकपणा असतोच, ढगळ टॉपला आणखी कशाला? अक्काने मान हलवली, म्हणाली अंगाबरोबरचा टॉप असेल तर हे चालणार नाही. छोटीला ढगळच हवाय, त्यामुळे तिच्यापुरता प्रश्न सुटला, पण अंगाबरोबरच्या टॉपचं काय ह्यावर त्या दोघी उठेपर्यंत भांडत होत्या आणि अक्काचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही.