‘बसतंय हळूहळू’ म्हणणाऱ्यांनो, एकदा तुम्ही पॅडल मारून बघा

एका एक्सलवरची, म्हणजे चाकांच्या दांड्यावरची, बेरिंगं एका रेषेत बसवून देणारा माणूस कोल्हापुरात मिळत नाही. कोल्हापुरात! जिथं शिवाजी उद्यमनगरात सकाळपासून लेथ फिरतात, जिथल्या फाउंड्र्यांचं ओतकाम देशभर जातं, त्या गावात. इंजिन उघडा म्हटलं तर दहा जण पुढं येतील. पाण्याचे जार वाहायला मी घरी बनवत असलेल्या तीनचाकी सायकलचा मागचा एक्सल सरळ बसवून द्या म्हटलं, की समोरचा माणूस आधी हसतो. ‘सायकलच आहे न्हवं?’

अरे च्यायला, सायकल आहे म्हणूनच तर जीव काढतोय ना!

इंजिन असतं तर मी तोंड उघडलं नसतं. बेरिंग थोडं आवळून फिरलं तर इंजिन जरा जास्त डिझेल पितं, बेरिंग तापतं, वर्षभरात बदलायचं, विषय संपला. इथं इंजिन म्हणजे माझ्या मांड्या. माणूस तासन् तास पॅडल मारतो तेव्हा पायातून जेमतेम ७५ ते १०० वॉट निघतात. जुना छताचा पंखा तेवढी वीज खातो. त्या ताकदीवर वीस लिटरचे दहा जार, म्हणजे २०० किलो पाणी, वर गाडीचं वजन, वर मी. पायांच्या ताकदीतला दहावा हिस्सा जरी बेरिंगनं गिळला, तरी साध्या चढाला गुडघे बोलायला लागतात. पण हे कुणाला पटवायचं? ज्याला पटवायचं तो स्वतः बुलेटवरनं येतो.

मुळात या लोकांचं माप चुकलंय. फॅब्रिकेशनच्या दुकानात माप चालतं ते सुताचं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या वर. खिडकीचं ग्रिल, गच्चीचा जिना, बंगल्याचं गेट, सगळं सुतात होतं आणि छान होतं. एखादं सूत इकडं तिकडं झालं तर रंगात झाकतं. तोच मिस्त्री, तोच टेप, तोच खडू घेऊन माझ्या चेसिसवर, गाडीच्या सांगाड्यावर, आला आणि म्हणाला, ‘मालक, एका सुताचाच फरक हाय. काय होत नाही ओ.’ एका सुताचाच! तीन मिलिमीटर वर-खाली असलेल्या बेरिंगांतनं शाफ्ट, म्हणजे एक्सलचाच दांडा, घालायला निघाला होता हा माणूस. नाही गेला, तर मागनं हातोडा. गेला. जाणारच. हातोड्यानं काय जात नाही?

आणि एवढ्यावर थांबला असता तरी मी माफ केलं असतं. दोन बेरिंगं ठरली होती, डावीकडं एक, उजवीकडं एक. मी चहा आणायला गेलो तेवढ्यात यानं मध्ये तिसरं बसवलं. ‘मजबुतीसाठी.’ अहो मिस्त्री, दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते हे शाळेत शिकवतात. तिसरा बिंदू त्या रेषेवर तंतोतंत पडला तर ठीक, नाहीतर तो शाफ्टला वाकवणार. शाफ्ट वाकवून धरला की प्रत्येक फेऱ्यात तो सरळ व्हायला धडपडतो आणि ती धडपड भरून काढायची पायांनी. चाक हातानं फिरवलं तर अर्ध्या फेऱ्यात गप्प उभं. दोनच बेरिंगांवर तेच चाक फिरवलं की फिरतच राहतं. डोळ्यांनी दिसतंय, तरी हा म्हणतो, ‘नवीन हाय, बसतंय हळूहळू.’ काय बसतंय? लोखंड बसत नसतं, झिजत असतं.

मग येतो दुकानदारांचा लाडका मंत्र: ‘सेल्फ-अलाइनिंग आहे साहेब, टेन्शन घेऊ नका.’ आपोआप रेषेत येणारं म्हणे. हो, आहे. यूसीपी २०४, म्हणजे ओतीव घरात बसवलेलं बेरिंग, मी तुमच्याकडूनच घेतलंय. आतल्या बेरिंगची बाहेरची रिंग गोलसर असते, त्यामुळं ते आपल्या घरात दोन-तीन अंश कलतं. कलतं! उडी मारून वर जात नाही. तळापासून मध्यापर्यंतची उंची ३३.३ मिलिमीटर ठरलेली, ती कुठल्याही मंत्रानं बदलत नाही. तळाची बोल्टची भोकं लांबट असतात, म्हणून पुढं-मागं सरकवायला जागा मिळते. उंचीला काहीही नाही, तिथं पत्र्याचे पातळ तुकडे, म्हणजे शिम, कापूनच घालायला लागतात. आणि स्वस्तातल्या मालात तर ते कलणंसुद्धा नशिबावर. रंग आत गेलेला, बेरिंग घरात घट्ट अडकलेलं. आत पाइप घालून जोर लावल्याशिवाय जागचं हलत नाही. तसंच अडकलेल्या अवस्थेत बेरिंगला शाफ्टवर पकडणारा ग्रब स्क्रू आवळून मोकळे होतात लोक.

शाफ्टची गोष्ट तर निराळीच. वीस एमएमचा ब्राइट बार, म्हणजे गुळगुळीत गोल गज, म्हणून जो दिला, तो व्हर्निअरनं मोजला तर १९.९ च्या आसपास. एवढी कमी तर बारला मुभाच असते, हे दुकानदाराचं म्हणणं बरोबर आहे. पण बेरिंगचं भोक पुरं वीसचं. म्हणजे ग्रब स्क्रू आवळला की शाफ्ट एका अंगाला दाबला जातो आणि केंद्र सुटतं. वर स्क्रूचं टोक बारमध्ये रुततं, कड उठते, आणि पुन्हा बेरिंग काढायची वेळ आली की ते त्या कडेवर अडकून बसतं. मग कानस घ्या, पॉलिशपेपर घ्या, घाम गाळा. लेथवाल्याला म्हटलं, बावीस एमएमचा बार घेऊन बरोबर वीसला उतरवून दे. तो म्हणाला, ‘एका नगासाठी मशीन लावायला परवडत नाही.’ बरं बाबा.

सगळ्यात डोकं फिरलं ते वेल्डिंगच्या वेळी. बेरिंगं ज्यांच्यावर बोल्टनं बसतात त्या पाट्या चेसिसला जोडायच्या होत्या आणि या महाशयांनी अर्थिंगचा चिमटा कुठं लावावा? एक्सलच्या टोकाला! म्हणजे वेल्डिंगचा सगळा करंट बेरिंगच्या गोळ्यांमधनं. गोळी जिथं टेकते तिथं बारीक ठिणगी पडते, खड्डा होतो, आणि नवं कोरं बेरिंग त्या क्षणी म्हातारं होतं. मी ओरडलो तर म्हणे, ‘कुठंबी लावला तरी लोखंडच की ओ.’ आता ते बेरिंग फिरवलं की बोटांना करकर लागते. ग्रीस भरलं तरी लागते. ते कोण भरून देणार?

खरं काम अर्ध्या दिवसाचं आहे, हे मला जास्त टोचतं. बेरिंगं आधी शाफ्टवर ओवायची, पाट्या त्यांना ढिल्या बोल्टनं लावायच्या आणि सगळी वरात एकदम चेसिसवर ठेवायची. पॅडलच्या शाफ्टच्या मध्यापासून एक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत दोरी धरायची. दोन्ही अंतरं सारखी आली तर एक्सल काटकोनात, नाहीतर गाडी जन्मभर एका बाजूला ओढणार, टायर खाणार, चेन पाडणार. मग फक्त वेल्डिंगचे छोटे टाके मारायचे, एक इकडं एक तिकडं, कारण वेल्ड गार होताना आकसतो आणि पाटीला आपल्याकडं ओढतो. प्रत्येक टाक्यानंतर शाफ्ट बोटानं फिरवून बघायचा. अडला की टाका तोडायचा. पूर्ण वेल्ड शेवटी, बेरिंगं काढून ठेवून. यात कुठलं रॉकेट आहे? फक्त घाई नको. पण आमच्याकडं आधी सगळं भक्कम वेल्ड करतात, मग बेरिंग लावतात, मग हातोडा शोधतात.

आणि बघे! येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबतो, चेसिसला पाय लावतो आणि म्हणतो, ‘मोटर बसव की.’ शेजारचे काका तर रोज. काका, मोटर बसवली तरी एक्सल वाकडाच राहणार हो. फरक एवढाच, की आत्ता माझा दम संपतो, तेव्हा बॅटरी संपेल.

शेवटी मधलं बेरिंग मी काढायला लावलं. ग्राइंडरनं पाटी कापताना मिस्त्रीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, जणू मी त्याच्या घराचा खांब पाडतोय. कापून झाल्यावर चाक फिरलं. तो चाकाकडं बघत होता, मी त्याच्याकडं. एक शब्द बोलला नाही. मग बिल काढलं. त्यात मधली पाटी वेल्ड केल्याची मजुरी वेगळी लावली होती आणि ती कापल्याची वेगळी.