हजेरीपटावरची फौज

अफगाणिस्तानचा विषय निघाला की भारतातल्या चर्चेत दोन वाक्यं हमखास येतात. एक, ‘अमेरिका शेपूट घालून पळाली.’ दुसरं, ‘आपण वेळीच दोन-चार ब्रिगेड पाठवल्या असत्या तर काबूल तालिबानच्या हाती गेलंच नसतं.’ इथे अमेरिकेत वाक्य वेगळं असतं : ‘आपण वीस वर्षं ओतत राहिलो, आणि त्यांचंच सैन्य लढलं नाही.’ तिन्ही वाक्यं बोलणाऱ्यांना काबूलचं भ्रष्ट सरकार ही बाजूची, दुय्यम अडचण वाटते. म्हणजे लष्करी प्रश्न आधी, चोऱ्यामाऱ्या नंतर. मला हे पटत नाही. बिनशर्त राहणारी परदेशी फौज हाच त्या भ्रष्टाचाराचा सर्वांत मोठा आधार होता. लष्करी पराभवाची मुळंही तिथेच सापडतात.

आधी ‘लढलं नाही’चा निकाल लावू. २००१ ते २०२१ या काळात अमेरिकेचे सुमारे २,४०० सैनिक तिथे मारले गेले. अफगाण सैनिक आणि पोलिसांचा आकडा ६० हजारांच्या वर जातो. एवढी माणसं न लढता मरत नाहीत. गडबड होती ती मागे, कागदावर. अफगाण सुरक्षा दलांची मंजूर संख्या ३ लाख ५२ हजार होती. पैसे त्या हिशेबाने मागितले जात, माणसं त्याहून बरीच कमी. २०१६ मध्ये हेलमंदमधले अधिकारीच सांगत होते की त्यांच्या प्रांतातले निम्म्याच्या आसपास शिपाई अस्तित्वात नाहीत.

हे कसं चालतं ते रोजगार हमीच्या मस्टरवरचे बोगस मजूर ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला फार समजावून सांगायला नको. तुकडीप्रमुख हजेरीपट भरतो. पळून गेलेला, मेलेला, कधी भरतीच न झालेला, सगळे हजर. पगार रोख, आणि तोही त्याच प्रमुखाच्या किंवा त्याच्या विश्वासातल्या माणसाच्या हातून वाटला जातो. बोगस नावाचा पूर्ण पगार खिशात, खऱ्या शिपायाच्या पगारातून कापणी. वर रेशन आणि डिझेलही कागदावरच्या संख्येने येतं, म्हणजे उरलेलं बाजारात विकता येतं. प्रमुखाने ही जागा वरच्याला पैसे देऊन मिळवलेली असते, त्यामुळे त्यालाही वसुली करावीच लागते. तस्करीच्या रस्त्यावरच्या ठाण्याची बोली साहजिकच जास्त. मग हल्ला होतो तेव्हा कागदावर शंभर असलेल्या चौकीत चाळीस जण असतात, त्यांचा पगार थकलेला असतो, दारूगोळा अर्धा असतो आणि कुमक मागितली तर ज्या तुकडीने यायचं तीही तशीच असते. हा काही अफगाण स्वभाव नव्हे. जून २०१४ मध्ये इराकमधलं मोसुल शहर ‘इस्लामिक स्टेट’च्या हाती पडलं, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात इराकचे पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी चार डिव्हिजनांच्या पटावर ५० हजार बोगस नावं सापडल्याचं जाहीर केलं.

उपाय माहीत नव्हता असंही नाही. २००९ मध्ये वर्दक प्रांतात पोलिसांचा पगार मोबाइल फोनवरून थेट देण्याचा एक छोटा प्रयोग झाला. पहिला पगार हाती आल्यावर कित्येक पोलिसांना वाटलं, पगारवाढ झाली. वाढ झालेली नव्हती. मधली कापणी, जवळजवळ तीस टक्के, तेवढी थांबली होती. एका वरिष्ठाने तर हाताखालच्यांची सिमकार्डं गोळा केली आणि सगळा पगार स्वतःच उचलायला गेला. प्रयोगाचा याहून चांगला दाखला कुठला? तरीही तो देशभर नीट पसरला नाही. ज्यांचं नुकसान होणार होतं तेच पुढची मोहीम चालवण्यासाठी हवे होते. पुढे बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांची नोंद घेणारी पगार यंत्रणा आली. पण ठसा एवढंच सांगतो की असा एक माणूस आहे. तो आज चौकीवर आहे का, हे रोजच्या हजेरीवरून कळतं, आणि ती हजेरी बऱ्याच ठिकाणी पुन्हा त्याच प्रमुखाच्या हाती राहिली.

खुद्द अमेरिकी फौजेचं पोट कसं भरत होतं तेही पाहण्यासारखं आहे. देशांतर्गत मालवाहतुकीचं २.१६ अब्ज डॉलरचं कंत्राट खासगी कंपन्यांना दिलेलं होतं, आणि त्यात मेख अशी की ताफ्याच्या सुरक्षेची जबाबदारीही कंत्राटदाराचीच. आपले सैनिक ट्रकच्या राखणीला गुंतवायचे नाहीत, हा त्यामागचा हिशेब. कंत्राटदाराने मग रस्त्यावर ज्याची सत्ता त्याला पैसे दिले. तो कधी सरकारशी सोयरीक असलेला टोळीप्रमुख, कधी त्याच्यामार्फत तालिबान. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीने जून २०१० मध्ये हे सगळं अहवालात मांडलं. म्हणजे फौज वाढली की माल वाढला, माल वाढला की ट्रक, आणि ट्रक वाढले की वाटेवरच्या खंडणीखोराचं उत्पन्न. ‘आणखी सैन्य पाठवा’ म्हणणाऱ्याने ही साखळी एकदा तरी कागदावर मांडून पाहावी.

अमेरिकी बाजूचे दोष वेगळे, आणि त्यांची चर्चा इथे फारशी होत नाही. मंजूर रक्कम ठरल्या मुदतीत खर्ची पडली नाही तर पुढच्या वर्षी कमी मिळेल ही धास्ती. अधिकाऱ्यांच्या नेमणुका नऊ महिने ते एक वर्ष. जो येतो त्याला आपल्या कारकिर्दीत काहीतरी उभं राहिलेलं दाखवायचं असतं, आणि चोर कोण हे कळेपर्यंत सामान बांधायची वेळ येते. अफगाण हवाई दलासाठी इटालियन बनावटीची वीस मालवाहू विमानं घेतली, सुमारे ५५ कोटी डॉलर खर्चून. सुटे भाग मिळेनात, दुरुस्ती जमेना. त्यातली सोळा भंगारात निघाली, किंमत आली ३२ हजार डॉलर.

आता मुख्य प्रश्न. हे सगळं कळत असताना फौज ठेवायची की काढायची? लोक २०२१ वर भांडतात. माझ्या मते निर्णयाची वेळ २००९ होती. त्या ऑगस्टमधल्या अध्यक्षीय निवडणुकीत इतकी बोगस मतं निघाली की तक्रार आयोगाने ती बाद केल्यावर राष्ट्राध्यक्ष हमीद करझाई पन्नास टक्क्यांच्या खाली आले. दुसरी फेरी ठरली. प्रतिस्पर्धी अब्दुल्ला अब्दुल्ला यांनी निष्पक्षतेची खात्री नाही म्हणून माघार घेतली आणि करझाई विजयी घोषित झाले. त्याच नोव्हेंबरात काबूलमधले अमेरिकी राजदूत कार्ल आयकनबेरी, जे स्वतः तिथले माजी सेनापती, यांनी वॉशिंग्टनला कळवलं की करझाई हे भरवशाचे भागीदार नाहीत, आणि आणखी फौज आली की ते आणखी परावलंबी होतील. १ डिसेंबरला ओबामांनी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत आणखी ३० हजार सैनिक पाठवत असल्याचं जाहीर केलं. आठवडाभरात करझाई म्हणाले, आपल्या सैन्याचा खर्च पेलायला देशाला पंधरा ते वीस वर्षं लागतील.

अमेरिकेची सौदा करायची ताकद इथेच संपली. युद्ध अमेरिकेसाठी अत्यावश्यक आहे, असं एकदा चारचौघांत सांगितलं की ‘सुधारा, नाहीतर निघतो’ या धमकीत दम उरत नाही. पुढच्याच वर्षी त्याची परीक्षा झाली. जुलै २०१० मध्ये करझाईंच्या कार्यालयातले अधिकारी मोहम्मद झिया सालेही यांना लाचेच्या आरोपात, ध्वनिमुद्रणाच्या पुराव्यासह, अमेरिकेनेच प्रशिक्षण दिलेल्या तपास पथकाने अटक केली. राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने काही तासांत ते बाहेर. वर वृत्तपत्रांतून असंही आलं की हे गृहस्थ सीआयएच्याही पगारावर होते. एक अमेरिकी खातं पकडतं, दुसरं पोसतं!

सप्टेंबरात काबूल बँक कोसळली. सैनिक, पोलीस, शिक्षक यांचे पगार याच बँकेतून जात. सुमारे ९० कोटी डॉलरची कर्जं भागधारक आणि त्यांच्या गोतावळ्यात वाटलेली होती. भागधारकांत राष्ट्राध्यक्षांचे एक भाऊ आणि उपराष्ट्राध्यक्षांचे एक भाऊ. यात एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. थोडाफार दबाव चालला तो आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा, कारण त्याने आपला कार्यक्रम खरोखर वर्षभर रोखून धरला. तिथे एक लाख सैनिक ठेवणाऱ्या अमेरिकेला जे जमलं नाही ते हात आखडणाऱ्या संस्थेला निदान अर्धमुर्धं जमलं. अर्धमुर्धंच, कारण तुरुंगात असायला हवे ते बँकेचे माजी मुख्य कार्यकारी २०१५ मध्ये एका सरकारी वसाहत प्रकल्पाच्या समारंभात दिसले.

याला उत्तर म्हणून दक्षिण कोरियाचा दाखला दिला जातो, आणि तो टाळण्यासारखा नाही. तिथले पहिले राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांचं सरकारही भ्रष्ट होतं, निवडणुका त्यांनीही लुबाडल्या, आणि अमेरिकी फौज आजही तिथे आहे. पण तिथे फौज सीमेवर उत्तरेकडे तोंड करून उभी होती. जमीनसुधारणा १९५० मध्येच सुरू झालेली, गावात जमीनदाराविरुद्ध बंड पेटायला फारसं इंधन नव्हतं. आणि एप्रिल १९६० मध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले तेव्हा अमेरिकेने री यांना वाचवलं नाही. सैन्य राज्याच्या पाठीशी राहिलं, राज्यकर्त्याच्या नाही. दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगावमध्ये उलटं झालं. १९६३ मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष दिएम यांना हटवण्याच्या कटाला अमेरिकेने मूक संमती दिली, आणि त्यानंतर सेनापतींच्या बंडांची रांग लागली. माणूस वाचवणं चूक, माणूस बदलून देणंही चूक.

निघायचं तर कसं, यावर मात्र अमेरिकेतले माघारवादी घाईत होते. सोव्हिएत फौज १५ फेब्रुवारी १९८९ रोजी परतली, तरी तिने काबूलमध्ये बसवलेले राष्ट्राध्यक्ष नजीबुल्ला तीन वर्षं टिकले. मॉस्कोहून पैसा, इंधन, शस्त्रं येत राहिली. १९९२ च्या सुरुवातीला मदत बंद झाली आणि एप्रिलमध्ये सरकार गेलं. २०२१ मध्ये अमेरिकी सैनिकांबरोबर कंत्राटी तंत्रज्ञही निघाले. अफगाण मेकॅनिकना रशियन एमआय-१७ हेलिकॉप्टरं हाताळता येत होती. त्यांच्या जागी दिलेली ब्लॅक हॉक परदेशी कंत्राटदारांशिवाय उडण्याजोगी राहत नव्हती. हवाई मदत नाही म्हणजे डोंगरातल्या चौकीला दारूगोळा नाही आणि जखमींना वाट नाही. १५ ऑगस्टला काबूल पडण्याआधी कित्येक चौक्यांनी तालिबानशी बोलून शस्त्रं खाली ठेवली, ती या हिशेबाने. माघारीची किंमत ज्यांनी मोजली त्यांत माध्यमिक शाळेबाहेर बसवलेल्या मुली आहेत. ‘आपण सुटलो’ म्हणणाऱ्यांनी तोही खर्च आपल्या खात्यात लिहावा.

भारतातल्या ‘फौज पाठवायला हवी होती’वाल्यांना काबूलपेक्षा जवळचं उदाहरण आहे. श्रीलंकेत आपली शांतिसेना १९८७ ते १९९० होती, सुमारे १,२०० जवान गेले. उत्तर-पूर्व प्रांतात आपल्या बंदुकांच्या छायेत वरदराजा पेरुमल यांचं सरकार उभं राहिलं. १९८८ च्या निवडणुकीवर लिट्टेचा बहिष्कार होता आणि उत्तरेत लढतच झाली नाही. त्या सरकारसाठी ‘तमिळ नॅशनल आर्मी’ नावाचं दल उभारताना तरुणांना रस्त्यावरून, घरातून उचलून भरती केलं गेलं. आपण निघू लागलो तशी ती फौज विरली, तिची शस्त्रं लिट्टेकडे गेली आणि पेरुमल भारतात आले. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० रोजी त्रिंकोमालीहून निघाली. मद्रासला तिच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत.

दिल्लीने हे लक्षात ठेवलं असावं. जुलै २००३ मध्ये वाजपेयी सरकारने इराकमध्ये डिव्हिजन पाठवायला नकार दिला, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये तेव्हाच्या संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांनी अमेरिकी संरक्षणमंत्री जेम्स मॅटिस यांच्या शेजारी उभं राहून अफगाणिस्तानात भारतीय सैनिक जाणार नाहीत असं सांगितलं. त्याऐवजी झरंज-देलाराम रस्ता, सलमा धरण, काबूलची संसद. संसदेत आता प्रतिनिधी बसत नाहीत. धरणाचं पाणी आणि वीज मात्र हेरातला अजून मिळते, सत्तेत कोणीही असो.