अवधाण म्हणजे साठलेली घाण नव्हे

ऊसतोडणीच्या हंगामात सांगली जिल्ह्यात गावोगावच्या मोबाइलवर एक संदेश फिरतो आहे. जांघेत किंवा काखेत आलेले अवधाण, म्हणजे तिथे सुजून आलेली गाठ, ही साठलेली घाण, लसिकावाहिन्या ही त्या घाणीची गटारे, गाठ हळद-तेलाने जोरात चोळून जिरवावी, आणि रोज हळद घेणाऱ्याची प्रतिकारशक्ती इतकी वाढते की धनुर्वाताचे इंजेक्शन लागत नाही, असे त्यात ठासून सांगितले आहे. तो वाचून, टाचेत उसाचा बुडखा घुसलेल्या एका मजुराची जांघ घरची माणसे दोन दिवस चोळत होती आणि टाचेवरच्या चिंधीखाली पू साचत होता. हे मी स्वतः पाहिले, म्हणून लिहितो आहे.

आधी गटाराचे पाहू. केशवाहिन्यांतून, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांतून, झिरपलेला जो द्रव परत रक्तात शिरत नाही, तो लसिकावाहिन्या गोळा करतात आणि गळ्याच्या बुडाशी असलेल्या मोठ्या शिरांत पुन्हा रक्तात सोडतात. हा द्रव दिवसाला साधारण ३ लिटर भरतो. गटाराचे पाणी कोणी विहिरीत सोडत नाही.

या वाटेवर शरीरभर मिळून ५००-६०० लसिकाग्रंथी असतात; अवधाण म्हणजे त्यांतलीच सुजलेली ग्रंथी. टाचेत जंतू शिरले की काही तासांतच पांढऱ्या पेशी तिथे धावतात, तर डेंड्रायटिक नावाच्या पहारेकरी पेशी जंतूचे तुकडे उचलून लसिकेबरोबर जांघेतल्या ग्रंथीत नेतात आणि तिथल्या टी पेशींना, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात. असंख्य टी पेशींपैकी नेमका तो तुकडा ओळखणाऱ्या मोजक्याच असतात. त्या सापडल्या की एकीच्या हजारो होतात, बी पेशी प्रतिपिंडे बनवण्याच्या तयारीला लागतात, आणि ग्रंथीतून एरवी निघून जाणाऱ्या पेशी काही काळ तिथेच अडवल्या जातात. या गर्दीने ग्रंथी सुपारीएवढी फुगते, तिचे आवरण ताणते आणि ती दुखते. चोळून तिथे जिरवण्यासारखे काही नसते. साफ करायची असते ती टाच.

गाठीची जुनी धास्ती मात्र निराधार नव्हती. सातारा जिल्ह्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. प्लेगची गाठ हीदेखील लसिकाग्रंथीच असते, पण तिथे जंतू पेशींना दाद न देता ग्रंथीतच वाढतात.

हळदीबद्दल मला आदर आहे. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांतल्या, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांतल्या, हळदीवर हा मुलूख जगला आहे. पण तिच्यातले कर्क्युमिन वजनाच्या काही टक्केच असते आणि पोटातून रक्तात फारच थोडे पोहोचते. शिवाय प्रतिकारशक्ती नुसती वाढणे हिताचे नसते. दमा, ॲलर्जी आणि सांधे सुजवणारा आमवात या तिच्याच चुकलेल्या माऱ्याच्या तऱ्हा आहेत.

सर्वांत घातक दावा धनुर्वाताचा आहे. त्याचे जंतू शेणमातीत असतात आणि त्यांचे विष इतके जहाल असते की जीव घेण्यास पुरेशी मात्राही प्रतिकारशक्तीला त्याची ओळख पटवून देण्यास अपुरी पडते. म्हणूनच धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही पुढे लस द्यावीच लागते. लशीत तेच विष निरुपद्रवी करून, ओळख पटेल इतक्या मात्रेत दिलेले असते. हळद ही ओळख करून देऊ शकत नाही.

जखमेमुळे आलेले अवधाण जखम भरली की हळूहळू उतरते. तीन आठवड्यांनंतरही न उतरणारी, टणक, न दुखणारी गाठ असेल, किंवा सोबत संध्याकाळचा ताप आणि वजनातली घट असेल, तर डॉक्टरांकडे जावे. मानेतल्या ज्या गाठींना आपण गंडमाळ म्हणतो, त्यांमागे अनेकदा क्षय असतो. सुईने पेशी काढून तो तपासता येतो आणि सरकारी दवाखान्यात त्याची औषधे मोफत मिळतात.