‘एका झटक्यात सोडा’ म्हणणाऱ्यांसाठी

दारूवरचा एक मेसेज पुन्हा फिरतोय. त्यात चार दावे आहेत: रोज थोडी घेतली तर हृदयाला बरी, बिअर म्हणजे काही दारू नव्हे, चढली तर कडक कॉफीने उतरते, आणि मन खंबीर असेल तर एका झटक्यात सुटते. पहिले तीन चुकीचे आहेत. चौथा जीवघेणा ठरू शकतो.

हृदयाचं आधी. जुन्या अभ्यासांत थोडी पिणारे न पिणाऱ्यांहून निरोगी दिसत. पण ‘न पिणाऱ्यां’त आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजलेले असायचे. त्यांच्या शेजारी कोणीही ठणठणीतच दिसणार! दारूमुळे कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच नोंदवलं. सुरक्षित म्हणावं असं प्रमाणच नाही, असं संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं.

बिअरचं गणित सोपं आहे. 8 टक्क्यांच्या 500 मिली बिअरमध्ये 40 मिली अल्कोहोल असतं, 40 टक्क्यांच्या 30 मिली पेगमध्ये 12. म्हणजे एका कॅनमध्ये तीन पेगांहून जास्त.

कॉफीने झोप उडते, नशा नाही. लिव्हर आपल्याच गतीने काम करतं, तासाला साधारण एक छोटा पेग. कॉफी पिऊन तरतरीत झालेला झिंगलेला माणूस उलट गाडीची किल्ली मागतो.

आता चौथा दावा. कधीमधी घेणाऱ्याने आज थांबवली तर काहीच बिघडत नाही. पण वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीवर मात करायला सतत ताणलेला असतो. दारू अचानक बंद झाली की ताण तेवढा उरतो. काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, साधी सही जमत नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो: माणूस चादरीवरून नसलेल्या मुंग्या वेचत बसतो, घरच्यांना ओळखत नाही, ताप चढतो. उपचार मिळाले नाहीत तर यात मृत्यूही येतो. आणि घरचे म्हणतात, ‘नाटकं करतोय, प्यायला मिळावी म्हणून.’

‘आमच्या ओळखीच्याने सोडली, काही झालं नाही,’ हे उत्तर हमखास येतं. खरं असेल. पण आधी कधी सोडताना फिट आली असेल, तर पुढच्या वेळी धोका वाढतो. यात मनाच्या खंबीरपणाचा काय संबंध?

दारू सोडायचीच आहे, फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ते थरथर आणि फिट आवरणारी औषधं देतात, मेंदूला जपण्यासाठी बी-1 जीवनसत्त्व देतात. (न सांगता जेवणात दारू सोडवायची गोळी कालवणं हा आणखी एक घरगुती उद्योग. पोटात ती गोळी असताना प्यायलं तर रक्तदाब कोसळू शकतो.) दवाखान्यात रोजचं प्रमाण कमी करून सांगू नका, आणि शेवटचा घोट किती वाजता घेतला होता तेही सांगा. पुढचे तास त्यावरून मोजले जातात.