‘बाकीच्या अकरा जणांना का नाही?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, प्रतिक्रिया तिखट आहे, पण प्रश्न रास्त आहे. धुळ्यात ट्रकच्या बॉडी रंगवायची तुमची शेड. बारा पोरं एकाच हवेत काम करतात आणि दमा एकालाच झाला. त्याचा आजाही धापा टाकायचा, म्हणजे दोष रक्ताचा, रंगात मिसळायच्या हार्डनरचा नाही. तेव्हा कामावर घेतानाच रक्त तपासावं, असं तुमचं म्हणणं.

रक्ताचा वाटा आहे, नाही कशाला म्हणू? पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे रसायन असतं. त्याने दमा झालेल्यांत एचएलए-डीक्यूबी१ या जनुकाचं एक रूप जास्त आढळल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. पण ते रूप असलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही, आणि नसलेल्यांनाही दमा होतो. तपासणी करून तुम्ही धडधाकट पोरं परत पाठवाल आणि पुढचा आजारी तरीही तुमच्याच शेडमधून निघेल. आजाचा दाखलाही इथे फारसा चालत नाही. बेकरीतल्या पिठाने होणाऱ्या दम्यात अंगातली ॲलर्जीची प्रवृत्ती बरंच काही सांगते, आयसोसायनेटच्या दम्यात तितकं नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या प्लॅटिनम शुद्धीकरण कामगारांचा १९९९ सालचा अभ्यास तुमच्या अगदी उलट बोलतो. तिथे प्लॅटिनमच्या क्षारांच्या ॲलर्जीशी एचएलए-डीआर३ या दुसऱ्या जनुकरूपाचा संबंध दिसला, पण तो ठळक होता कमी संपर्क असलेल्या कामगारांत. संपर्क वाढला तसा रक्तातला फरक पुसट झाला. म्हणजे हवा खराब असेल तिथे रक्ताला दोष देण्यात फार अर्थ उरत नाही.

आणि ते अकरा जण ठीक आहेत हे ठरवलं कोणी? हा दमा जडायला महिने लागतात, कधी वर्षं. त्रास बऱ्याचदा काम संपल्यावर काही तासांनी, रात्री उठतो. खोकला बायकोला ऐकू येतो, मालकाला नाही. (जिनिंगमधल्या कापसाच्या धुळीची गोष्ट वेगळी, तिथे सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते.) थिनरचा वास उडाला की हवा साफ झाली, असंही धरू नका. आयसोसायनेट घातक प्रमाणात असूनही नाकाला कळत नाही आणि तोंडाला बांधलेल्या रुमालाने अडत नाही. बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि ओढ घेणारा बूथ, खर्च तिथे करा.

त्या पोराला आधी फवाऱ्यापासून दूर, दुसऱ्या कामावर लावा. एकदा ॲलर्जी बसली की थोडीशी वाफही पुरते, आणि उशीर झाला तर दमा कायमचा राहू शकतो. छातीच्या डॉक्टरकडे पाठवताना ‘रंगकाम करतो’ हे चिठ्ठीत लिहा. कामामुळे झालेला दमा १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यातल्या आजारांच्या यादीत होता, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या यादीतही आहे, त्यामुळे तो कागद त्याला पुढे लागेल.